पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या गंधखुणा: रब, स्क्रेप आणि वरची फांदी

पाचोळा बाजूला सारून उकरलेली, परातीएवढी ओली जागा दिसली की नवा शिकारी खाली वाकतो. खुराचा ठसा बघतो, माती हुंगतो, फोटो काढतो. मान वर करून बघायचं मात्र राहून जातं. त्या जागेच्या बरोबर वर, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर एक फांदी लोंबत असते. तिच्या टोकाच्या डहाळ्या चावून चोथा झालेल्या असतात, एखादी मुरगळून सालीच्या धाग्यावर लटकत असते. खरी खूण ती आहे, खालची माती ही तिची पुरवणी. माती पानांनी झाकली गेली तरी फांदी असेल तर हरणं येत राहतात. फांदी तोडली की ती जागा बहुधा सुटतेच.

हा लेख उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. तिथले शिकारी खोडावरच्या घासणीला 'रब' आणि जमिनीवरच्या उकरणीला 'स्क्रेप' म्हणतात. मराठीत या दोहोंना रुळलेला शब्द नाही, म्हणून इथेही तेच वापरले आहेत. तिथलीच दुसरी दोन हरणं वेगळी वागतात: म्यूल डिअर स्क्रेप क्वचितच करतं, आणि एल्क या मोठ्या हरणाचा नर स्वतःच्या पोटावर लघवी उडवून चिखलात लोळतो. तेव्हा पुढचे आडाखे त्यांना लावायला जाऊ नका.

वास येतो कुठून

खूण वाचायची तर ती शरीराच्या कुठल्या भागाने केली हे आधी कळायला हवं.

कपाळापासून सुरुवात करू. शिंगांच्या बुडख्यापासून डोळ्यांच्या वरपर्यंतच्या कातडीत गंधग्रंथी असतात. माजाच्या काळात, आणि त्यातही मोठ्या नरात, त्या जोरात काम करतात. तिथले केस तेलकट आणि गडद दिसायला लागतात. रब करताना नर शिंगांनी साल खरवडतो आणि मध्येच थांबून हेच कपाळ उघड्या लाकडावर घासतो, नाकाने हुंगतो, चाटतो. म्हणजे रब हा डोळ्यांना दिसणारा फलक आहे आणि त्यावर वासाची सहीसुद्धा आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापुढे एक खाच असते, तिच्यातही ग्रंथी असते. त्या ग्रंथीचा भाग आणि तोंडातली लाळ ही दोन्ही वरच्या फांदीवर लागतात.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याची आतली बाजू. तिथे लांब, ताठ केसांचा झुपका असतो. याला टार्सल ग्रंथी म्हणतात. गंमत अशी की नुसत्या ग्रंथीचा वास फारसा नसतो. केसांवर एक चरबट थर असतो. हरीण मागचे पाय जवळ घेऊन, थोडं बसकं होऊन, दोन्ही झुपके एकमेकांवर घासत त्यांच्यावरून लघवी सोडतं. लघवीतले गंध त्या चरबीत अडकतात, त्यावर जिवाणू काम करतात आणि त्यातून त्या एकाच प्राण्याचा असा वास तयार होतो. नर, मादी आणि पाडसंसुद्धा हे वर्षभर करतात. एरवी हरीण तो भाग चाटून स्वच्छ ठेवतं. माजातला नर ते चाटणं सोडतो, म्हणून झुपका आधी तपकिरी, मग काळा पडतो.

दुर्बिणीतून नर न्याहाळताना हे कामाला येतं. शिंगं बघण्याआधी मागच्या पायाची आतली बाजू बघा. माजाच्या ऐन काळात झुपका काळाभोर आणि तिथून खुराकडे ओघळलेला काळा पट्टा असेल, तर नर बहुधा चांगला वाढलेला आहे. झुपक्यावर नुसता तपकिरी डाग असेल तर बहुधा तरुण. एवढ्या एका खुणेवर वय ठरवू नका, पण मान आणि छातीच्या जाडीबरोबर ती धरली तर अंदाज सहसा चुकत नाही.

खुरांच्या बेचक्यातही ग्रंथी असते, चारही पायांना. तिच्यातला पिवळसर, मेणचट स्राव प्रत्येक पावलागणिक जमिनीला लागतो. माजावर आलेल्या मादीचा माग नर नाक जमिनीला लावून काढतो तो याच्या आणि लघवीच्या वासावर. हरणाला संशय आला की ते पुढचा पाय आपटतं. त्याने आवाज होतोच, शिवाय तिथे हा स्रावही जास्त पडतो. म्हणून एखाद्या वाटेवर हरीण तुम्हाला बघून पाय आपटून गेलं असेल, तर त्या वाटेवर त्या दिवशी बसण्यात फारसा अर्थ उरत नाही.

वेळापत्रक

उत्तरेकडच्या राज्यांत ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नरांच्या शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ, केसाळ कातडी, गळते. रब त्याच सुमारास दिसू लागतात. मखमल काढायला नर खोडं घासतो हा समज अर्धवट आहे. मखमल साधारण एका दिवसात निघून जाते, घासणं पुढे तीन-चार महिने चालतं. सप्टेंबरमधले सुरुवातीचे रब बहुतेक वयस्क नरांचे असतात, कारण तरुण नर उशिरा सुरुवात करतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाड खोडावर ताजा रब मिळाला तर तो वहीत लाल शाईने लिहावा, इतका तो मोलाचा.

स्क्रेपचा जोर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. नोव्हेंबरच्या मध्याला बहुतेक माद्या माजावर येतात. एक मादी जेमतेम एक-दीड दिवस माजावर असते. गाभ राहिला नाही तर साधारण 28 दिवसांनी पुन्हा येते, म्हणून डिसेंबरच्या मध्याला एक छोटी लाट परत दिसते. माजाच्या ऐन मध्यावर एक गोष्ट सगळ्यांना गोंधळात टाकते. आठवड्यापूर्वी रोज उकरले जाणारे स्क्रेप अचानक ओस पडतात, त्यांत पानं साचायला लागतात. नर निघून गेलेले नसतात. ते एकेका मादीला धरून झुडपात उभे असतात आणि जाहिरात करायची त्यांना गरज उरलेली नसते. स्क्रेपवर भरवसा ठेवून बसायचे दिवस म्हणजे या मध्याच्या आधीचे दोन आठवडे.

दक्षिणेत हे महिने चालत नाहीत. अलाबामाच्या बऱ्याच भागात माजाचा जोर जानेवारीत असतो, दक्षिण फ्लोरिडात तर जुलै-ऑगस्टमध्ये. राज्याच्या वन्यजीव विभागाकडे जिल्हावार तारखा असतात, त्या आधी बघा. उत्तरेत ही तारीख दिवसाच्या लांबीवर ठरते आणि दरवर्षी जवळपास त्याच आठवड्यात येते. थंडी पडली की हरणं दिवसा जास्त हिंडतात, त्यामुळे 'थंडीने माज आणला' असं वाटतं, एवढंच.

रब कसा वाचायचा

आधी खोडाची जाडी. बहुतेक रब एक ते चार इंच जाडीच्या खोडांवर असतात. मनगटाएवढं खोड कुठलाही नर घासतो, मोठाही आणि दीड वर्षाचाही, त्यामुळे बारीक खोडावरून काही सिद्ध होत नाही. सहा इंचांहून जाड खोड मात्र सहसा मोठा नरच घासतो. सीडर, पाइन, चेरी, सॅसाफ्रास अशी वासाची किंवा चिकाची झाडं त्यांना विशेष आवडतात. खालच्या फांद्या नसलेलं, गुळगुळीत सालीचं खोडही चालतं.

घासलेला भाग जमिनीपासून साधारण एक ते तीन फुटांत असतो. त्याच्या कडा नीट बघा. शिंगाच्या बुंध्यावरचे खरबरीत दाणे साल किसणीसारखी किसतात, त्यामुळे लाकडावर बारीक ओरखडे आणि खाली सालीचा भुगा दिसतो. मागच्या किंवा शेजारच्या रोपांवर टोकाच्या खाचा पडल्या असतील तर त्या शिंगांच्या फाट्यांच्या. मुख्य घासणीपासून त्या किती बाजूला आहेत त्यावरून शिंगांच्या पसाऱ्याचा ढोबळ अंदाज येतो.

दिशा हा रबचा सर्वांत उपयोगी भाग. नर चालत येताना समोर आलेली बाजू घासतो. घासलेली बाजू झुडपाकडे, म्हणजे दिवसा बसायच्या जागेकडे असेल, तर तो झुडपातून शेताकडे जाताना तिथे थांबला होता. ती बहुधा संध्याकाळची वाट. घासलेली बाजू शेताकडे असेल तर पहाटेची, परतीची वाट. एका रबवरून हे ठरवू नका. पन्नास-साठ पावलांच्या टप्प्याने एकाच बाजूला घासलेली तीन-चार खोडं सापडली की त्याला रांग म्हणायचं. रांगेत उभं राहून एका टोकाकडे बघितलं तर सगळी पांढरी लाकडं दिसतात, उलट बघितलं तर एकही दिसत नाही.

ताजेपणा ओळखायला बोट लावून बघा. चीक ओला, लाकूड उजळ आणि भुगा मऊ असेल तर एक-दोन दिवसांतला. चीक घट्ट होऊन लाकूड पिवळट पडलं असेल तर आठवड्यापलीकडचा. राखाडी, भेगा पडलेलं लाकूड गेल्या वर्षीचं. पाऊस झाला असेल तर हा हिशेब कोलमडतो. पावसाने जुना रबही ओला आणि उजळ दिसतो, अशा वेळी खालच्या भुग्यावर विश्वास ठेवा.

काही जाड झाडं वर्षानुवर्षं घासली जातात. त्यांच्यावर भरून आलेल्या सालीच्या जुन्या कडा आणि मधोमध नवा घाव असं एकत्र दिसतं. असं झाड बहुतेक दोन वाटांच्या सांध्यावर किंवा ओढ्याच्या उतारावर असतं आणि अनेक नर ते वापरतात. ते मिळालं तर नकाशावर कायमचं टिपून ठेवा.

फसगत कुठे होते? एल्कचा रब छाती-डोक्याच्या उंचीपर्यंत जातो. साळिंदर साल कुरतडतं तेव्हा दातांचे आडवे, शेजारी-शेजारी व्रण पडतात आणि ते बऱ्याचदा झाडाच्या वरच्या भागात असतात. बीव्हर या पाण्याकाठच्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याचे दात लाकडात खोल पाचरी काढतात आणि जवळ पाणी असतंच. अस्वलाच्या नखांच्या रेषा समांतर आणि खोल, सहसा हरणाच्या आवाक्यापेक्षा वर.

स्क्रेप कसा वाचायचा

नर ही क्रिया एका क्रमाने करतो, आणि तो क्रम माहीत असेल तर खूण उलगडते. आधी तो फांदीखाली येऊन थांबतो आणि डहाळीचं टोक हुंगतो. ते तोंडात धरून चावतो, लाळ लावतो. मग कपाळ आणि डोळ्याची खाच तिला घासतो, बऱ्याचदा शिंगांनी ती पिळतो. त्यानंतर पुढच्या खुरांनी पाचोळा आणि माती मागे उडवतो. शेवटी त्या उघड्या मातीत पुढे सरकून, मागचे पाय जुळवून टार्सलवरून लघवी सोडतो. प्रत्येक वेळी सगळे टप्पे होतात असं नाही. कित्येकदा फक्त फांदी होते आणि नर चालू लागतो. फांदीचा उपयोग वर्षभर चालतो, उन्हाळ्यातही, आणि माद्याही तिथे येऊन हुंगून, चाटून जातात. माती उकरण्याचं काम मात्र शरदाचं.

माती मागे उडते हे लक्षात ठेवा. पाचोळ्याचा ढीग ज्या बाजूला, त्याच्या उलट दिशेला नराचं तोंड होतं. ढीग चारही बाजूंना असेल तर एकापेक्षा जास्त नर वेगवेगळ्या दिशांनी येत आहेत.

जागेवरून स्क्रेपचे तीन प्रकार करता येतात. शेताच्या किंवा कुरणाच्या कडेला ओळीने असलेले स्क्रेप पटकन दिसतात, संख्येने जास्त असतात आणि बहुतेक रात्रीच केले जातात. शिकाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ यांच्यावर वाया जातो. वाटेवरचे छोटे, एकदाच उकरलेले स्क्रेप म्हणजे नर इथून गेला इतकंच, तो परत येईलच असं नाही. तिसरे ते सामाईक स्क्रेप. दोन-तीन वाटा जिथे मिळतात, झुडूप आणि मोठं रान जिथे भेटतं, डोंगराच्या सपाट पाठीवर, अशा ठिकाणी ते असतात. तीन-चार फूट रुंद, खोल, वर एकाहून अधिक डहाळ्या चावलेल्या, आणि दरवर्षी त्याच जागी. बसायचं तर अशांच्या आसपास.

'आसपास' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्क्रेपवर कॅमेरे लावून बघितलं तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. उकरण्याचं बहुतांश काम रात्री चालतं, आणि एकच स्क्रेप अनेक नर वापरतात. एका नराने राखलेली हद्द ही जुनी कल्पना तिथे मोडली. सामाईक स्क्रेप गावातल्या चावडीसारखा असतो. कोण आलंय, कोण मोठं झालंय, कोणती मादी जवळ आहे याची खबर तिथे मिळते.

ताजा स्क्रेप म्हणजे काळी, ओलसर माती, त्यात स्पष्ट खूर, कडेला ताजी मुळं उघडी पडलेली, आणि नाक खाली नेलं तर उग्र दर्प. आत दोन-चार कोरडी पानं पडली असतील तर एक-दोन दिवसांचं दुर्लक्ष. पानांचा थर आणि मातीवर पावसाची खपली असेल तर तो सुटलेला. पण तेव्हाही फांदीची टोकं बघा. ती ओली, ताजी चावलेली असतील तर जागा जिवंत आहे.

टर्की पक्षी किडे शोधताना पाचोळा ओरबाडतात आणि ती जागा दुरून स्क्रेपसारखी दिसते. टर्कीची उकरण पसरट असते, अनेक ठिकाणी असते, आणि वर चावलेली फांदी नसते. फांदी नाही तर स्क्रेप नाही, इतका हा नियम सरळ आहे.

पाहणी कधी आणि कशी

खुणा शोधायला सर्वांत चांगला काळ हंगाम संपल्यावरचा, बर्फ वितळून नवी पालवी फुटण्याआधीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान उघडं असतं, गेल्या हंगामातले रब पांढरे चमकतात, स्क्रेपचे खड्डे अजून दिसतात आणि तुमच्या फिरण्याने हंगाम बिघडत नाही. फोनमधल्या नकाशावर प्रत्येक खुणेपाशी चारच गोष्टी लिहा: रब की स्क्रेप, खोडाची जाडी किंवा खड्ड्याची रुंदी, घासलेल्या बाजूची दिशा, आणि खूण याच वर्षीची की अनेक वर्षांची. पन्नासेक खुणा जमल्या की नकाशावर वाटा आपोआप उमटतात. नुसत्या खुणा मोजत बसलात तर काही हाती लागत नाही. दिवसा बसायचं झुडूप कुठे आणि चरायचं रान कुठे हे त्याच नकाशावर रंगवा, मग कुठली खूण उजेडातली आणि कुठली अंधारातली हे कळू लागतं.

हंगामात पाहणी करायचीच झाली तर दुपारी, वारा असताना, रबरी बूट घालून. हरणाच्या वाटेवरून चालू नका, ती आडवी ओलांडा. आणि फांदीला हात लावू नका. हरीण नाक नेमकं तिथेच लावणार आहे.

कॅमेरा

स्क्रेपपासून 10 ते 15 फुटांवर, खोडावर सात-आठ फूट उंचीवर, खाली झुकवून लावा. नाकासमोर लावलेल्या कॅमेऱ्याकडे मोठे नर रोखून बघतात आणि काही जण वाट बदलतात. तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा, नाहीतर उगवत्या-मावळत्या उन्हाने निम्मे फोटो पांढरे येतात. न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा कॅमेरा असेल तर उत्तम. फोटोऐवजी 20-30 सेकंदांचं चित्रीकरण ठेवा. नराने फांदी वापरली की नुसता हुंगून गेला, कुठून आला, कुठे गेला, हे फोटोत कळत नाही. चित्रचौकटीत फांदी आणि खड्डा दोन्ही यायला हवेत. कार्ड काढायला दर चार दिवसांनी जाणं ही सर्वांत मोठी चूक आहे. तीन आठवडे जाऊ नका, किंवा मोबाईलवर चित्र पाठवणारा कॅमेरा घ्या, जिथे राज्याचा नियम त्याला परवानगी देतो तिथे.

वारा आणि मचाण

आता मुख्य कसरत. वयस्क नर प्रत्येक वेळी स्क्रेपवर पाय ठेवत नाही. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूने, 20 ते 50 यार्डांवरून, झुडपाच्या आडोशाने जातो आणि वास तिथूनच घेतो. स्क्रेपच्या शेजारी बाण लावून बसलेल्या शिकाऱ्याच्या पाठीमागून तो निघून जातो आणि शिकाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून मांडणी अशी करा. वाऱ्याकडे तोंड करून तीन जागा ओळीत धरा: पुढे स्क्रेप, त्याच्यामागे नराची चाचपणीची वाट, आणि तिच्याही मागे तुमचं मचाण. नर तुमच्यापुढून जायला हवा, तुमचा वास त्याच्यामागे राहायला हवा. स्क्रेप तुमच्या माऱ्यात नसला तरी चालेल. माऱ्यात ती वाट हवी. मचाण शक्यतो स्क्रेप आणि बसायच्या झुडपाच्या मधे सरकवा, कारण शेताकडच्या स्क्रेपवर तो अंधार पडल्यावर पोचणार आहे, झुडपाजवळून मात्र उजेडात निघणार आहे.

डोंगराळ भागात हवामानखात्याचा वारा पुरत नाही. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर जाते, संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. त्यामुळे सकाळी उतारावर हरणांच्या वर बसा आणि संध्याकाळी खाली, निदान त्या प्रवाहाच्या बाजूला. बरोबर मिल्कवीड या रुईसारख्या झुडपाच्या शेंगेतला कापूस ठेवा. एकेक तंतू सोडला की तो शंभर यार्ड तरंगत जातो आणि हवा कुठे वळते, कुठे खाली बसते हे डोळ्यांना दिसतं. वारा बघायला मिळणारी पावडरची डबी फक्त पहिली दहा पावलं दाखवते.

मचाणावर पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा बांधलेला हवा. नारिंगी कपड्यांचा नियम राज्याराज्यात वेगळा आहे, हत्यार आणि हंगामाप्रमाणेही बदलतो. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, त्यामुळे तो घातल्याने शिकार बिघडत नाही. निळा मात्र त्याला चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरी ठेवा.

नकली स्क्रेप

नराला हव्या त्या जागी थांबवायचा हा सोपा मार्ग आहे. बाटलीतल्या लघवीची गरज नाही. फांदी नीट असेल तर हरणं कुतूहलाने येतात आणि आपला वास आपणच लावतात.

1. जागा निवडा. असलेल्याच वाटेवर, मचाणापासून 20 ते 25 यार्डांवर, तुमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यापासून दूर. जिथे हरणं येतच नाहीत तिथे केलेला स्क्रेप निरुपयोगी. सपाट जमीन, फार झुडूप नको.

2. फांदी शोधा किंवा आणा. आजूबाजूच्या झाडांना आडवी, लवचीक फांदी असेल तर ती खाली ओढून दोरीने बांधा. नसेल तर तिथल्याच ओक किंवा मेपलची बोटाएवढी जाड फांदी कापून, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पक्की बांधा. डहाळ्यांची टोकं जमिनीपासून चार ते पाच फुटांवर हवीत. सहा फुटांवर बांधली तर तरुण नर पोचत नाहीत आणि मोठेही कंटाळतात. तीन फुटांवर बांधली तर येता-जाता अंगाला लागून मोडते. फांदी टणक, मेलेली नको, चावल्यावर तुटते.

3. फांदी मिळत नसेल तर जाड, नैसर्गिक तागाचा दोर टांगा आणि टोक उसवून ठेवा. दोर लवकर सुकतो, वास धरतो आणि पूर्ण हंगाम टिकतो.

4. टोकाखालची जमीन काठीने दोन-तीन फूट गोल, पाचोळा काढून, माती उघडी पडेपर्यंत उकरा. बुटाने नको, बुटाला घरातल्या फरशीचा वास असतो.

5. काम करताना रबरी हातमोजे ठेवा. दोन डहाळ्या मुरगळून सोडा, म्हणजे चावल्यासारख्या दिसतील. मग निघा. परत बघायला जाऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये केलेला नकली स्क्रेप ऑक्टोबरपर्यंत रुळतो. ऐन हंगामात केलेलाही चालतो, पण सवय लागायला वेळ मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पाडसं आणि माद्या येतात, नर मागून. दोन आठवड्यांत कोणीच आलं नाही तर फांदीची उंची तपासा, मग जागा बदला. वास मारून उपयोग होत नाही. काही राज्यांत नकली स्क्रेपवर काही ठेवणं आमिषात धरलं जातं, म्हणून नियमपुस्तक वाचूनच हात घाला.

बाटलीतली लघवी

दुकानात मिळणारी हरणाची लघवी बंदिस्त हरणांची असते. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे प्रायॉनमुळे (बिघडलेल्या घडणीच्या प्रथिनामुळे) होणारा, मेंदू पोखरणारा आजार, लघवी, लाळ आणि विष्ठेतून बाहेर पडतो. तो पहिल्यांदा 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये दिसला आणि आता उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात आहे. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. स्क्रेपच्या मातीत आणि वरच्या फांदीवरही ते सापडले आहेत. एका डहाळीला दहा-पंधरा हरणांचं तोंड लागत असेल तर हा योगायोग म्हणता येणार नाही.

याच कारणाने व्हर्जिनियाने 2015 पासून शिकारीत नैसर्गिक लघवीच्या वापरावर बंदी आणली, व्हरमाँटने 2016 मध्ये. कॅनडात ऑन्टारियोतही ती वापरता येत नाही. बाकी ठिकाणी नियम राज्यागणिक, कधी जिल्ह्यागणिक बदलतात आणि दरवर्षी बदलतात. कायदा परवानगी देत असला तरी ती वापरू नये, असं आमचं मत. कृत्रिम गंध मिळतात, आणि मुळात फांदी पुरते.

शिकार झाल्यावर

टार्सल ग्रंथी कापून काढल्याशिवाय मांस खराब होतं हा जुना समज आहे. मेलेल्या हरणाची ग्रंथी मांसात काही सोडत नाही. खराबी होते ती हाताने. झुपक्याला हात लावून तोच हात, तीच सुरी मांसाला लावली की तो काळा तेलकट वास मांसाला चिकटतो आणि धुऊनही जात नाही. ग्रंथीला हातच लावू नका. कातडी काढताना त्या सांध्याच्या खालून काप घेऊन तो भाग कातडीबरोबर जाऊ द्या. चुकून लागलाच तर सुरी आणि मोजे बदला, मगच पुढचं काम.

वर सांगितलेल्या प्रायॉनच्या आजाराची नोंद असलेल्या भागात मेंदू, पाठीचा कणा, डोळे आणि लसिकाग्रंथी कापू नका, आणि त्या भागाबाहेर नेण्यावर जी बंदी आहे ती पाळा. डोकं राज्याच्या तपासणी केंद्रावर द्या आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळं, नावानिशी गोठवून ठेवा. बाधित आढळलं तर ते खाऊ नये असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं सांगणं आहे.